कोकणांतील खोताचा वाडा

मालवणच्या बंदराकडून सह्याद्रीच्या पायथ्याकडे जाऊं लागलें, म्हणजे वाटेंत मधूनमधून एखाद्या टेकडीच्या उतारावर माडाफणसांच्या गर्दींतून एक उंच कौलारू छप्पर डोकावतांना दिसतें. आसपासचीं घरें त्याच्यापुढें बसकीं वाटतात. हें घर कोणाचें म्हणून विचारलें, तर पुष्कळ गांवांतून अजूनहि एकच उत्तर मिळतें: "तो खोताचा वाडा." खोतीची पद्धति कायद्यानें संपून सुमारें पाऊणशें वर्षें झालीं. वसुली गेली, मान गेला, कित्येक ठिकाणीं घरांत राहणारीं माणसेंहि गेलीं. परंतु नांव मात्र घराला चिकटून राहिलें आहे.

अशा वाड्याकडे दोन दृष्टींनीं पाहतां येतें. एक दृष्टि कारागिरीची. कोकणच्या पावसाला पुरून उरणारें, उन्हाळ्यांत थंड राहणारें, गांवांतल्या गांवांत मिळणाऱ्या वस्तूंनीं बांधलेलें असें हें घर असून त्याचें कौतुक वाटणें स्वाभाविक आहे. दुसरी दृष्टि हिशेबाची. हें घर कोणाच्या धान्यावर उभें राहिलें, त्याचे चिरे कोणी वाहिले, त्याची कौलें दरसाल कोणी परतलीं, असे प्रश्न ती विचारते. कौतुक करणारे हे प्रश्न टाळतात आणि प्रश्न विचारणारे घराकडे पाहावयासहि तयार नसतात. वस्तुतः वाड्याची रचना नीट वाचली, तर दोन्ही गोष्टी तिच्यांत एकत्रच सांपडतात. खोतीच्या वह्या वाळवीनें खाल्ल्या असतील, पण घर हीच एक मोठी वही आहे.

ती वही वाचण्यापूर्वीं खोती म्हणजे काय, हें समजून घेतलें पाहिजे. खोत हा मूळचा गांवच्या वसुलीचा मक्तेदार. ही पद्धति आदिलशाहीच्या काळापासून कोकणांत रुजली, मराठी राज्यांत ती चालू राहिली, आणि १८१८ सालीं दक्षिण कोकण इंग्रजांच्या हातीं गेल्यावर त्यांनींहि ती मोडली नाहीं. खोतानें दरसाल कबुलायत लिहून द्यावी, ठरलेला सारा सरकारांत भरावा, आणि गांवकऱ्यांकडून आपली वसुली करून घ्यावी. या दोहोंमधील अंतर तो खोताचा 'फायदा'. भाताच्या जमिनीवर कुळाकडून पिकाचा अर्धा हिस्सा घेत, त्यास अर्धेल म्हणत. नाचणी, वरी पिकणाऱ्या वरकस जमिनीवर तिसरा हिस्सा, तें तिर्धेल. पीक उभें असतांना खोत किंवा त्याचा माणूस शेतावर जाऊन अंदाज बांधी, त्या पाहणीला अभावणी असें नांव होतें. अंदाज चढा धरला तर कुळाच्या घरांत किती उरेल, हें त्या एका फेरींत ठरून जाई. गांवांत कांहीं धारेकरी असत. ते ठरलेला धारा भरून मोकळे होत. त्यांच्यावर खोताचा हा फायदा नसे. बाकीचीं सारीं कुळें.

खोती गांवें रत्नागिरीच्या उत्तर भागांत अधिक व दक्षिणेकडे त्या मानानें कमी होतीं. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापैकीं मालवण, देवगड व वेंगुर्लें हा भाग इंग्रजी रत्नागिरी जिल्ह्यांत होता. सावंतवाडी आणि कुडाळ हा मुलूख सावंतवाडी संस्थानाचा. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें आणि सिंधुदुर्ग हा निराळा जिल्हा १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. खोत, देसाई, सरदेसाई, इनामदार अशीं मालकीचीं नांवें गांवागणिक बदलत. मात्र मालकाच्या घराची ठेवण बहुतेक सारखीच.

आतां घराकडे वळूं. त्याची पहिली ओळख म्हणजे त्याचा दगड. कोकणांत पायाखालीं जांभा आहे, म्हणून भिंतींतहि जांभा आहे. हा तांबडा, सच्छिद्र दगड खाणींत असतांना मऊ असतो. कुऱ्हाडीसारख्या हत्यारानें त्याचे सरळ चिरे पाडतां येतात. हवा आणि ऊन लागलें कीं तो कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश प्रवाशानें १८०७ सालीं मलबारांतील असाच दगड पाहून त्यास लॅटिन भाषेंतील विटेच्या शब्दावरून लॅटेराइट हें शास्त्रीय नांव दिलें. चिरेखाणीवर काम करणाऱ्यांना हें गुपित शेंकडों वर्षें माहीत होतें. तिसरे खेम सावंत यांनीं अठराव्या शतकांत उभारलेला सावंतवाडीचा राजवाडा याच दगडाचा आणि गांवच्या गडग्याचा बांधहि याच दगडाचा. फरक इतकाच कीं गरिबाच्या घराला मातीची भिंत आणि चिऱ्याचें जोतें पुरे. वाड्याला मात्र जोत्यापासून वरपर्यंत चिरा, आणि सांध्यांत चुना. तो चुनाहि समुद्रकांठचाच, शिंपल्या भाजून केलेला.

जोतें उंच, पुष्कळदां कमरेइतकें. जिल्ह्यांत वर्षाला सरासरी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. अंगणांतून पाण्याचे लोट वाहतात, जमिनीतून ओल चढते. तेव्हां जोतें उंच असणें ही गरजच होय. परंतु हें उंच जोतें दुसरेंहि एक काम करतें, तें पुढें पाहूं.

भिंतीवर छप्पर. फणस, ऐन, किंजळ, क्वचित् साग अशा लाकडांचे खांब व तुळया, मध्यें आढें, त्यावरून दोन्ही अंगांस उतरणारे वासे. उतार चांगलाच तीव्र. पाणी क्षणभरहि थांबतां कामा नये. छपराची पाख भिंतीच्या बरीच पुढें व खालीं येते, इतकी कीं उंच माणसास पडवींत शिरतांना मान लववावी लागते. त्यामुळें पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात आणि चिरा कोरडा राहतो. वाऱ्याबरोबर येणारी झड अडविण्यासाठीं माडाच्या झावळ्यांचीं विणलेलीं झापें पडवीच्या कडेला बांधतात. पूर्वीं छपरावर गांवच्या कुंभारानें भाजलेलीं नळीचीं कौलें असत. पुढें बाझल मिशनने १८६५ सालीं मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला आणि तेथील चपटीं, एकमेकांत अडकणारीं कौलें गलबतांतून किनाऱ्याच्या बंदरांवर उतरूं लागलीं. नळीचीं कौलें वारा, वानरें आणि नारळ यांमुळें सरकत. म्हणून दरसाल मृगापूर्वीं तीं सारीं काढून, फुटकीं वेगळीं करून पुन्हां लावावीं लागत. मोठ्या वाड्यावर हजारों कौलें. हें काम घरमालक स्वतः करीत नसे.

घरापुढें खळें. शेणानें सारवलेलें विस्तीर्ण अंगण, मध्यें तुळशीवृंदावन, पाऊस सरल्यावर त्यावर माटव. गांवकऱ्यांच्या घरापुढेंहि खळें असतें, पण वाड्याचें खळें फार मोठें; कारण येथें एका घरचें भात नव्हे, साऱ्या गांवचा हिस्सा येऊन पडे. दिवाळीच्या सुमारास झोडलेलें भात येथें मोजलें जाई. पायली, मण, खंडी असे आंकडे मोठ्यानें उच्चारले जात आणि वर बसलेला माणूस ते वहींत मांडी.

वर बसलेला, हे शब्द येथें अक्षरशः घ्यावयाचे. खळ्यापासून दोनतीन पायऱ्या चढल्यावर पडवी, पडवीपासून पुन्हां पायरीभर उंच ओटी. ओटीवर बैठक, तक्के, एका बाजूस झोपाळा. कोणी कोठवर चढावें हें ठरलेलें असे. खोताचे सोयरे व सरकारी कामगार ओटीवर. धारेकरी व मानकरी पडवींत. कुळ पडवीच्या कडेला किंवा पायरीवर. आणि ज्या जातींना अस्पृश्य मानीत, त्यांनीं खळ्याच्या बाहेर उभें राहून आपलें गाऱ्हाणें सांगावयाचें. पावसापासून बचाव करणारें तेंच जोतें माणसामाणसांतील अंतरहि मोजीत असे. भिंतीवर कोणताहि नियम लिहिलेला नव्हता. लिहिण्याची आवश्यकताच नव्हती, पायऱ्याच तो सांगत.

ओटीच्या आंत माजघर, त्याला लागून देवघर, बाळंतिणीची खोली, मागें स्वयंपाकघर, मागली पडवी, न्हाणी आणि विहीर. मोठ्या वाड्यांत मध्यें चौक असे. त्यांतून उजेड येई आणि पावसाचें पाणीहि येई. माजघरांत उजेड थोडा. जाड भिंती व लहान खिडक्या यांमुळें तें वैशाखांतहि थंड राहतें हें खरें. पण घरांतील स्त्रियांचें सारें आयुष्य त्या अर्ध्या उजेडांत गेलें, हेंहि खरें. मागच्या दारानें येणारी वाट निराळी असे. भात सडणाऱ्या, शेण काढणाऱ्या, पाणी भरणाऱ्या कुळांच्या बायका त्या वाटेनें येत. पुढल्या दारीं पुरुषांचा हिशेब आणि मागल्या दारीं बायकांचे श्रम, अशी ही विभागणी होती.

माजघराच्या बाजूला किंवा माळ्यावर घराचें खरें हृदय, म्हणजे धान्याची सांठवण. बांबूच्या, शेणामातीनें लिंपलेल्या पुरुषभर उंचीच्या कणग्या आणि पेंढ्यांत आवळून बांधलेल्या भाताच्या मुड्या येथें रचलेल्या असत. आषाढांत कुळाच्या घरचें भात संपे. मग तेंच कुळ वाड्याच्या पायरीशीं येऊन खावटी मागे, आणि कार्तिकांत जें त्यानेंच येथें आणून ओतलें होतें, त्यांतलें कांहीं सवाईनें वा दिढीनें परत घेऊन जाई. दुष्काळांत याच कणग्यांनीं गांव जगविला असें अभिमानानें सांगतात, व तें खोटें नव्हे. मात्र कणगी वाड्यांत भरली म्हणूनच ती झोंपडींत रिकामी राहिली, हें त्या वाक्याचें उरलेलें अर्ध होय.

धान्याखेरीज दुसरी वसुली अंगमेहनतीची. तिला वेठ म्हणत. जुन्या रिवाजाप्रमाणें कुळानें आठ दिवसांतून एक दिवस खोताकडे विनामोल राबावें, अशी आठवेठ होती; त्याशिवाय नांगरवेठ, म्हणजे खोताच्या शेतावर आपलें जोत घेऊन जाणें. खोताची पालखी वाहणें हाहि त्याच रिवाजाचा भाग. चिरे खाणींतून आणणें, तुळई रानांतून ओढून आणणें, कौलें परतणें, खळें करणें, गडगा घालणें, हीं घराचीं कामें अशाच हातांनीं होत. सुतार, गवंडी यांना बलुतें वा मजुरी मिळे. पण ज्यांनीं ओझीं वाहिलीं, त्यांच्या कामाचा मोबदला वहींत बहुधा नसेच. यासाठींच वाडा ही एकट्या मालकाची निर्मिति म्हणतां येत नाहीं.

जमीन एकाची आणि राबणारे हात दुसऱ्याचे, अशी व्यवस्था जगांत जेथें जेथें झाली, तेथें तेथें असें मोठें घर उभें राहिलें. अमेरिकेच्या दक्षिण भागांत यादवी युद्धापूर्वीं कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांवर मालकांचे प्रासाद होते. लुइझियाना प्रांतांत मिसिसिपी नदीकांठीं 'ओक ॲली' नांवाचा असा एक प्रासाद १८३७ ते १८३९ या काळांत बांधला गेला. चारी बाजूंस रुंद व्हरांडे, भोंवतीं २८ प्रचंड खांब, पुढें ओक वृक्षांची दुतर्फा रांग. उष्ण व दमट हवेंत भिंतीवर ऊन पडूं नये म्हणून केलेली ही योजना पाहतांना आपल्या पडवीची आठवण होते. तो प्रासाद गुलामांच्या श्रमावर उभा राहिला. त्याच मळ्यावर १८४६ च्या सुमारास आंत्वान नांवाच्या एका गुलाम माळ्यानें पेकान या कठीण कवचाच्या फळझाडावर कलमें बांधण्यांत यश मिळविलें, आणि त्या फळाचा पुढला सारा व्यापार त्या कलमावर वाढला. त्याचें पहिलें नांव तेवढें राहिलें. आडनांव कोणी नोंदलें नाहीं. देवगड-मालवणच्या हापूस-कलमांच्या बागा पाहणाऱ्यानें ही हकीकत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. बागा खोताच्या नांवावर चढल्या. कलमें बांधणाऱ्या हातांचीं नांवें कोणत्या कागदावर आहेत?

तुलना करतांना भेदहि विसरतां कामा नये. अमेरिकेंतील गुलाम ही विकत घेण्याची वस्तु मानली जाई. १८६० सालीं तेथें सुमारें ४० लक्ष माणसें या स्थितींत होतीं आणि १८६५ सालीं राज्यघटना दुरुस्त होऊन ती प्रथा बंद झाली. कोकणांतील कुळ विकलें जात नव्हतें. त्याचें घर, कुळाचार, देव आणि गांवच्या पालखींतील मान त्याचा होता. त्याला बांधून ठेवणारी सांखळी लोखंडाची नव्हती. ती कर्जाची, जातीची आणि दुसरी जमीन न मिळण्याची होती. तशाच सर्व खोतांच्या घरीं कणग्या ओसंडत नव्हत्या. भाऊबंद वाढले म्हणजे खोती पाळीनें चाले. एका छपराखालीं चारचार चुली होत, आणि वाट्याला आलेल्या दोन खोल्यांत खोत म्हणविणारें कुटुंब कुळाइतक्याच विवंचनेंत दिवस काढी.

इंग्रजी सरकारनें १८८० सालीं खोती कायदा करून खोताचे हक्क कागदावर पक्के केले आणि कांहीं जुन्या कुळांना संरक्षणहि दिलें. परंतु तेवढ्यानें वाद मिटला नाहीं. अलिबाग तालुक्यांतील चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं १९३३ सालीं खोतांचीं शेतें कसण्याचें नाकारलें; तो संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें, आणि १९३८ च्या जानेवारींत हजारों शेतकरी त्या मागणीसाठीं मुंबईंत चालून आले. विधेयक त्या वेळीं पुढें गेलें नाहीं. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कुळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा यांनीं हें काम पुरें केलें. खोती निर्मूलन १९५० सालीं अमलांत आलें. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणाराच्या मालकीचा मार्ग मोकळा झाला.

त्या दिवसापासून वाड्याचें प्रयोजनच सरलें. खळें तेवढेंच राहिलें, पण त्यावर पडणारें भात आटलें. कौलें परतण्यास आतां मजुरी मोजावी लागूं लागली. कुळांचीं मुलें मुंबईच्या गिरण्यांत पूर्वींच गेलीं होतीं. मागोमाग खोतांचीं मुलें कचेऱ्यांत आणि शाळांत गेलीं. गणपतीला व शिमग्याला तेवढें घर उघडावें, एरवीं कुलूप, असा क्रम पडला. चिरा टिकतो, लाकूड मात्र टिकत नाहीं. एक कौल सरकलें तर एका पावसाळ्यांत वासा कुजतो, दुसऱ्यांत तुळई; आणि तुळई बसली कीं घर खचतें. दरसाल शाकारणी करणारे हात नसले म्हणजे काय होतें, हें पडके वाडे दाखवीत आहेत. घर त्या हातांवर किती अवलंबून होतें, याचा यापेक्षां चांगला पुरावा दुसरा नाहीं.

हे वाडे राखावे काय, असा प्रश्न आज उभा आहे. कित्येक वाडे वांटणीच्या भांडणांत पडून गेले, कांहींचे कोरीव खांब विकले गेले, कांहींत पाहुण्यांची सोय करून नवा उद्योग निघाला. जुलमाची निशाणी म्हणून पडूं द्यावें असें एक मत. आपली परंपरा म्हणून रंगरंगोटी करून मिरवावें असें दुसरें. पहिल्या मतानें त्या घरासाठीं राबलेल्यांच्या श्रमाची उरलीसुरली खूणहि मातींत जाईल, आणि दुसऱ्यानें ती खूण रंगाखालीं झांकली जाईल. लुइझियानांत व्हिटनी नांवाचा एक जुना मळा २०१४ पासून लोकांस पाहावयास खुला आहे. तेथें मालकाचें घर आहे तसें राखलें असून सांगतात मात्र गुलामांची कथा, त्यांचीं नांवें भिंतींवर कोरून. कोकणांतहि असें करणें अशक्य नाहीं. ज्या घरीं जुन्या वह्या, खंडाच्या पावत्या शिल्लक असतील, त्यांनीं त्या जपाव्या. त्यांत कुळांचीं नांवें आहेत. गांवांतील वृद्ध माणसांना चिरे कोणत्या खाणींतले, तुळई कोणत्या रानांतली, कोणाचे आजे पालखीला होते, हें अजून ठाऊक आहे. तें आज लिहून ठेवलें नाहीं, तर थोड्याच वर्षांत सांगणारें कोणी उरणार नाहीं.

वाडा पाहावयास जाणाऱ्यानें ओटीवर जाऊन झोपाळ्यावर अवश्य बसावें. कोरीव खांबावरून हातहि फिरवावा. त्यानंतर मात्र तीन पायऱ्या उतरून खळ्याच्या कडेशीं उभें राहावें आणि तेथून त्याच घराकडे पुन्हां एकदां वर पाहावें. गांवांतील बहुतेकांनीं तें घर पिढ्यान् पिढ्या तेथूनच पाहिलें आहे.